गेथशेमानेचे मोल झाडांच्या वयात नाही

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील जेरुसलेमविषयीचा प्रवासलेख वाचला. लेख रसाळ आहे, छायाचित्रेही सुरेख आहेत. परंतु क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने जिथे प्रार्थना केली, त्या गेथशेमानेच्या बागेविषयी लिहिताना लेखकाने सारा भर ‘येशू ज्यांच्या सावलीत बसला त्या दोन हजार वर्षांच्या झाडां’वर दिला आहे आणि जगभरचा ख्रिस्ती माणूस तिथे गुडघे का टेकतो, हे मात्र एका वाक्यात उरकले आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी झाडांचे पाहू. बागेत जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, आठ प्राचीन झाडे आहेत. इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने केलेल्या तपासणीचे निष्कर्ष 2012 मध्ये जाहीर झाले, तेव्हा ज्या तीन झाडांच्या खोडांचे वय काढता आले ती अकराव्या-बाराव्या शतकातील, म्हणजे साधारण 900 वर्षांची निघाली. जैतून तोडला तरी बुंध्यापासून पुन्हा फुटतो, त्यामुळे मुळे खोडांहून जुनी असू शकतात. मात्र इ.स. 70 मध्ये रोमन सेनेने जेरुसलेमला वेढा घातला तेव्हा शहराभोवतीची झाडे सरसकट तोडली गेली, असे इतिहासकार योसेफसने लिहून ठेवले आहे. तेव्हा येशूने पाहिलेली तीच ही झाडे, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि तसे म्हणण्याची भाविकाला गरजही नाही.

‘गेथशेमानेची बाग’ हा शब्दप्रयोगसुद्धा बायबलमधील येशूच्या चरित्राच्या चारही ग्रंथांत, म्हणजे शुभवर्तमानांत, जसाच्या तसा कुठे येत नाही. मत्तय आणि मार्क गेथशेमाने नावाच्या ‘जागे’चा उल्लेख करतात, लूक नुसता जैतुनांचा डोंगर म्हणतो, तर किद्रोन ओहोळापलीकडे ‘बाग’ होती हे योहान सांगतो, पण तो तिचे नाव देत नाही. परंपरेने हे सारे एकत्र गुंफले. गेथशेमाने याचा अर्थ तेलाचा घाणा. डोंगरावरची जैतुने जिथे पिळली जात, तिथेच येशू रात्री प्रार्थनेला गेला, आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता, असे लूक लिहितो. ‘ख्रिस्त’ या शब्दाचा अर्थच तेलाने अभिषेक झालेला असा असल्याने घाण्याच्या या नावावर धर्मोपदेशकांनी पुष्कळ चिंतन केले आहे.

खरा गाभा आहे तो त्या रात्रीच्या प्रार्थनेत. ‘होईल तर हा प्याला (म्हणजे पुढ्यातले दुःख) माझ्यावरून टळून जावो, तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो,’ असे येशू देवाला म्हणतो. या वाक्याचा पूर्वार्ध भ्यालेल्या माणसाचा आहे, आणि शुभवर्तमानकारांनी तो झाकून ठेवला नाही, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. ख्रिस्ताला दैवी इच्छेबरोबर स्वतंत्र मानवी इच्छाही होती की नाही, या सातव्या शतकातील वादात मॅक्सिमस नावाच्या मठवासीयाने ती होती असे सांगताना याच वाक्याचा आधार घेतला. त्यापायी त्याची जीभ आणि उजवा हात तोडण्यात आला आणि 662 मध्ये तो हद्दपारीतच मरण पावला. पुढे 680-681 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने त्याचेच म्हणणे ग्राह्य धरले. एदेन बागेत आदामाने देवाची आज्ञा मोडली आणि या बागेत येशूने ती पाळली, ही तुलनाही फार जुनी आहे.

बागेच्या वरचा जैतुनांचा डोंगर लेखात जवळजवळ आलाच नाही. मुलगा अबशालोम याच्या बंडामुळे पळ काढणारा दावीद राजा अनवाणी, रडत हाच चढ चढून गेला. अखेरच्या दिवशी परमेश्वराचे पाय याच डोंगरावर टेकतील, असे जखऱ्या संदेष्ट्याने म्हटल्यामुळे ज्यू लोक शतकानुशतके इथल्या उतारावर आपले मृत पुरत आले आहेत. झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारची, मिरवणूक आजही बेथफगे या गावाहून निघून हा डोंगर ओलांडून शहरात उतरते. शहर पाहून येशू रडला, त्या प्रसंगाची आठवण म्हणून वास्तुविशारद अंतोनिओ बार्लुझी यांनी अश्रूच्या आकाराचे देऊळ बांधले. माथ्यावरचे येशूच्या स्वर्गारोहणाचे छोटेसे अष्टकोनी मंदिर 1187 नंतर मुस्लिमांच्या ताब्यात आहे, पण त्या सणाला ख्रिस्ती लोक तिथे उपासना करतात. येशूला वर उचलून घेतले गेले, हे इस्लामही मानतो.

मी वसईचा. काही वर्षांपूर्वी एका सहलीबरोबर तिथे गेलो होतो. बागेलगत बार्लुझी यांनीच बांधलेल्या आणि 1924 मध्ये पूर्ण झालेल्या ‘सर्व राष्ट्रांच्या चर्च’मध्ये जांभळ्या खिडक्यांमुळे भरदुपारीही तिन्हीसांजेचा उजेड असतो. वेदीपुढे उघडा खडक आहे आणि त्याभोवती काट्यांच्या मुकुटासारखे लोखंडी कुंपण आहे. मी त्या खडकावर हात ठेवतो न ठेवतो तोच बाहेरून शिट्टी वाजली. आम्हाला पंचवीस मिनिटे दिली होती. त्या रात्री झोपी गेलेल्या पेत्र या शिष्याला येशू ‘घटकाभरही तुमच्याने माझ्याबरोबर जागवत नाही काय?’ असे विचारतो. काटेकोर हिशेबाने घटका 24 मिनिटांची, म्हणजे आम्ही मराठी बायबलाच्या शब्दाला एक मिनिट जास्तच जागलो, असे गमतीने म्हणावे लागेल. मूळ ग्रीकमध्ये मात्र ‘एक तास’ आहे.

त्या रात्रीची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, रात्री आमच्याकडे मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) संपल्यावर वेदीवरील वस्त्रे काढतात आणि लोक पाळीपाळीने पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीसमोर, तासभर बसून राहतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमला आलेल्या एगेरिया नावाच्या यात्रेकरू स्त्रीने त्या रात्री डोंगरावरून गेथशेमानेत उतरणाऱ्या जमावाचे वर्णन केले आहे. तिथे येशूच्या अटकेचा उतारा वाचला जाताच लोकांचा आक्रोश पार शहरापर्यंत ऐकू जाई, असे ती लिहिते.

झाडांच्या वयासंबंधीची दुरुस्ती आपण छापावी, आणि सहली काढणाऱ्यांनी तिथल्या कार्यक्रमात पंचवीस मिनिटांऐवजी निदान एक तास ठेवावा, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, वसई