डब्यात बांधून दिलेल्या किल्ल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ओटीपी आणि पासवर्ड कसे सांभाळावेत, यावरचं पान वाचलं. माझ्या सासूबाईंनी ते कापून फ्रिजवर लावलं आहे. घरोघरी हे पोचायलाच हवं. पण ज्यांच्या हाती हजारो माणसांच्या नोंदी असतात, ते आम्ही सॉफ्टवेअरवाले आमच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड आणि तसले गुप्त संकेत, कुठे ठेवतो, याबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. अठरा वर्षं या कामात आहे, सध्या महापेला नोकरी करते, म्हणून हे पत्र.

हल्ली प्रोग्रॅम 'कंटेनर'मध्ये भरून पाठवतात. नाव बंदरावरूनच आलं आहे. न्हावा-शेव्याकडे जाणारे ट्रेलर आपण उरण रस्त्यावर रोज बघतो. आतला माल न हलवता तोच डबा जहाजावरून रेल्वेवर, रेल्वेवरून ट्रकवर चढतो. २०१३ साली आलेल्या डॉकर या साधनाने सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत रुळवली. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका गठ्ठ्यात, म्हणजे 'इमेज'मध्ये, बांधायचं, मग ते महापेच्या लॅपटॉपवर चालतं तसंच दुसऱ्या सर्व्हरवर चालतं. सोय मोठी आहे. पण प्रोग्रॅमला डेटाबेस उघडायला पासवर्ड लागतो, एसएमएस पाठवायला किल्ली लागते, आणि घाईघाईत त्याही त्याच डब्यात बांधल्या जातात.

दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे एका पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टच्या ॲपचं काम होतं. टीममध्ये नुकताच कॉलेजमधून आलेला एक मुलगा आहे, कळव्याचा, कामाला चोख. त्याची डॉकरफाइल, म्हणजे इमेज कशी बांधायची त्याच्या सूचनांची फाइल, मी तपासत होते. एका ओळीत अख्खा फोल्डर आत कॉपी केलेला, त्यात पासवर्डची 'डॉट ईएनव्ही' फाइलही. आणि चार ओळी खाली तीच फाइल पुसायची कमांड. "मॅडम, शेवटी डिलीट केलीय ना," तो म्हणाला. मी त्याला इमेज टार फाइलमध्ये सेव्ह करून उघडायला लावली. इमेज थरांची असते. वरच्या थरात फाइल पुसली तरी खालच्या थरातली जागच्या जागी राहते, नुसती झाकली जाते. त्याने एकेक थर मोकळा केला. चौथ्यात फाइल सापडली, लॅबच्या डेटाबेसचा पासवर्ड पहिल्याच ओळीत. बराच वेळ तो स्क्रीनकडे बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "ही इमेज मंगळवारीच टेस्टिंगवाल्यांना गेलीय."

टेस्टिंग बाहेरच्या कंपनीकडे होतं. ऑफिसात पहिला सूर निघाला तो असा, की रजिस्ट्रीतली, म्हणजे इमेज जिथून सगळे उतरवून घेतात त्या कोठारातली, इमेज काढा, नवी चढवा, विषय संपला. तो संपत नाही. ज्यांनी इमेज उतरवून घेतली, त्यांच्याकडे ती आहेच. अशा वेळी आधी पासवर्ड बदलायचा, चौकशी मागाहून. बदलायला बसलो तेव्हा कळलं, की हाच पासवर्ड बिलिंगला आहे, एसएमएसच्या प्रोग्रॅमला आहे, रात्रीच्या बॅकअपला आहे, आणि तीन वर्षांपूर्वी मी स्वतः लिहिलेल्या एका स्क्रिप्टमध्येही आहे. पावणेअकरा वाजले. घणसोलीहून गाडी पकडली, ठाण्यापर्यंत तो मुलगा एक शब्द बोलला नाही. मी त्याला बोल लावला नाही, कुणाला लावू दिला नाही. चूक कबूल केली की बोलणी बसतात, हे एकदा कळलं की पुढच्या खेपेला पोरं गप्प बसतात आणि इमेज फिरत राहते.

आमचं लवकर सापडलं. अमेरिकेतल्या कोडकव्ह कंपनीचं २०२१मध्ये तसं झालं नाही. त्यांच्या डॉकर इमेज बनवण्याच्या पद्धतीतल्या चुकीतून एक किल्ली परक्याच्या हाती लागली. ३१ जानेवारीपासून त्याने त्यांच्या स्क्रिप्टमध्ये फेरफार केले, आणि ती स्क्रिप्ट वापरणाऱ्या इतर कंपन्यांच्या किल्ल्याही बाहेर जाण्याची वाट मोकळी झाली. लक्षात आलं १ एप्रिलला, तेही एका ग्राहकाने फाइल ताडून पाहिली म्हणून.

"आम्ही कुबरनेटिस वापरतो, त्यात सिक्रेटची सोय आहे," असं मला बरेच जण सांगतात. कुबरनेटिस म्हणजे असे अनेक कंटेनर चालवणारी यंत्रणा. सोय आहे, पण तिथे पासवर्ड बेस-६४मध्ये, म्हणजे नुसत्या वेगळ्या लिपीत, लिहिलेला असतो. ते कुलूप नव्हे. मजकूर मोडीत लिहिला म्हणून गुपित होत नाही, मोडी येणारा तो घडाघडा वाचतो. इथे तर एका कमांडचं काम आहे. साठवताना तो एन्क्रिप्ट करायचा तर ते वेगळं चालू करावं लागतं, आपोआप होत नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमला वाचायला दिलेल्या सेटिंगांची यादी, त्यात पासवर्ड ठेवला तरी तेच. प्रोग्रॅम कोसळला की कधीकधी ती अख्खी यादी लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, उतरते, आणि लॉग दहा जण वाचतात.

किल्ली इमेजमध्ये जाताच कामा नये. फाइलचं नाव 'डॉकरइग्नोर'मध्ये, म्हणजे इमेजमधून वगळायच्या फाइलींच्या यादीत, टाकायचं, किल्ली प्रोग्रॅम सुरू होताना बाहेरून द्यायची. बिल्डच्या, म्हणजे इमेज बांधण्याच्या, वेळीच लागली तर तेवढ्यापुरती जोडायची सोय डॉकरमध्ये आहे, ती थरात उतरत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचा पासवर्ड हवा. व्हॉल्टसारखी किल्ल्या सांभाळणारी साधनं तर तासाभरात बाद होणारा पासवर्डही देऊ शकतात. हे शिकायला फार तर आठवडा लागतो, आणि आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी तो आठवडा शेवटच्या वर्षाला द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी विनंती काम करून घेणाऱ्यांना. दवाखाने, शाळा, पतपेढ्या, मोठ्या सोसायट्या ॲप बनवून घेतात. रंग कसा हवा आणि तारीख कोणती, यावर तासन्‌तास बैठका होतात. किल्ल्या कुणाकडे, हे मला आजवर एकाही ग्राहकाने विचारलेलं नाही. टोयोटाच्या एका कंत्राटदाराने कोडचा काही भाग चुकून उघड्यावर टाकला, त्यातली किल्ली डिसेंबर २०१७ ते सप्टेंबर २०२२ तशीच पडून होती. आपल्याकडे २०२२च्या निर्देशांनुसार असा प्रकार कळल्यापासून सहा तासांत 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावा लागतो, आणि २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात निष्काळजीपणासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा करारावर सही करण्याआधी एवढं लेखी मागा: किल्ल्या कुठे आहेत, कुणाकडे आहेत, शेवटच्या कधी बदलल्या, आणि आज रात्री बदलायच्या झाल्या तर किती वेळ लागेल.

त्या मुलाने आमच्या टीमसाठी अशी यादी करायला घेतली आहे. चार-पाच किल्ल्या असतील असा अंदाज होता, आतापर्यंत एकोणीस सापडल्या. त्यातल्या सहा कशाच्या आहेत, हे अजून कुणालाही सांगता आलेलं नाही.

आपली,
एक वाचक, ठाणे