आई-बाबा, मी इथली नागरिक झाले

ती. आई आणि बाबांस,
सा. न.

फोनवर हे सांगायला घेतलं की आई जेवलीस का विचारते, मग बाबा लाईट गेल्याचं सांगतात आणि माझं राहूनच जातं, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. दादाला सांगून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या, मोबाईलवर डोळे ताणून वाचू नका.

मी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. शपथ झाली, भारतीय पासपोर्ट परत करायचे कागदही भरून गेले. आधी विचारलं नाही, कारण बाबा एकदा नको म्हणाले असते तर मला ते मोडून पुढे जाता आलं नसतं, आणि मला पुढे जायचं होतं.

आई, रडू नकोस ग. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, येतंय, त्यावर आयुष्यभर केव्हाही येता येतं, व्हिसा नको की काही नको. बाबा, गावच्या जमिनीचं तुमच्या मनात येणारच. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते, मी नीट चौकशी केलीय. तेव्हा सातबाऱ्याची काळजी आत्ताच डोक्यात घेऊ नका. आणि घरात गणपती बसतोय, आईच्या हातची मेतकुटाची बरणी मीठ-मसाल्याच्या कप्प्यात पहिली आहे, थंडीचे बूट चांगले घेतलेत, हीटर नवा बसवलाय. या घरात मला काहीही कमी नाही.

मग केलं का, तर मतासाठी. ग्रीन कार्डावर टॅक्स भरा, घर घ्या, सगळं करा, पण मत देता येत नाही. बाबा, एक नोव्हेंबरला, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून, काळे कपडे घालून सायकल फेरीला निघताना तुम्ही मला पुढच्या दांडीवर बसवायचात आणि मी विचारायचे, आपण कशाला ओरडायचं, तर म्हणायचात, आपलं म्हणणं मांडायला विधानसभेत आपला माणूस लागतो, तो नाही तर निदान रस्त्यावर तरी दिसायला हवं. ते ऐकत मोठी झालेली मुलगी ज्या शहरात राहते तिथे जन्मभर मताशिवाय कशी राहील, तुम्हीच सांगा.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला माहितेय. मग आपल्या श्री ठाणेदारांना मत देणार ना? २०२२ साली ते निवडून आले तेव्हा तुम्ही गल्लीत कुंदा वाटलात. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला, १९७९ मध्ये शिकायला म्हणून इकडे आलेला मराठी माणूस अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये गेला, त्याचा आनंद मलाही झाला होता, अजून आहे. पण त्या दिवशी इकडे काय वाटत होतं ते मी तुम्हाला फोनवर सांगितलं नव्हतं, तुमचा उत्साह मोडवेना.

आमचा मतदारसंघ मिशिगनचा तेरावा. डेट्रॉईटचा मोठा भाग, मध्येच वसलेली हॅमट्रॅमक आणि हायलँड पार्क ही छोटी गावं, सरोवराकाठची श्रीमंत ग्रोस पॉइंट, आणि खाली टेलर, रोम्युलसपर्यंत, म्हणजे तुम्ही दोघं उतरलात तो विमानतळ पण त्यातच. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वर्णभेदाच्या जाचातून सुटायला आणि गाड्यांच्या कारखान्यात काम मिळेल म्हणून लाखो ब्लॅक माणसं इथे आली. समोरच्या आजी, ज्यांनी आईला पीच पाय करून दिला होता, त्यांचे वडील असेच अलाबामातून आलेले. १९५० ला शहरात साडेअठरा लाख लोक होते, २०२० ला साडेसहा लाखही उरले नाहीत.

त्या लोकांनी १९५४ मध्ये याच तेराव्यातून चार्ल्स डिग्ज यांना निवडून दिलं, मिशिगनचे पहिले ब्लॅक खासदार. पुढच्याच वर्षी मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या ब्लॅक पोराच्या खुनाचा खटला चालला तेव्हा डिग्ज तिथे स्वतः जाऊन बसले, आणि खासदार असूनही त्यांना गोऱ्यांपासून वेगळं, ब्लॅक पत्रकारांच्या टेबलावर बसवलं. नंतर पगाराच्या पैशांच्या घोटाळ्यात त्यांना शिक्षा झाली तेही खरंय. आजी दोन्ही गोष्टी सांगतात, एक सांगून दुसरी लपवत नाहीत. मग जॉन कॉनियर्स, १९६५ पासून २०१७ पर्यंत काँग्रेसमध्ये, शेवटची काही वर्षं याच तेराव्यातून. मार्टिन ल्यूथर किंग गेल्यावर चार दिवसांत त्यांच्या नावाच्या सुट्टीचं बिल यांनी मांडलं आणि ते मंजूर व्हायला १९८३ उजाडलं. बसमध्ये गोऱ्यासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स त्यांच्या डेट्रॉईटच्या ऑफिसात वीसेक वर्षं काम करत होत्या. बायकांशी गैरवर्तनाचे आरोप झाले आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला, आजी ते सांगताना फार दुखावतात. मध्ये २०१० ला हॅन्सन क्लार्क पण आले होते, वडील बांगलादेशातल्या सिल्हेटकडचे आणि आई ब्लॅक, म्हणजे आपल्या बाजूचं रक्त इथे नवं नाही.

तर २०२० च्या जनगणनेनंतर मिशिगनची एक जागा गेली, चौदाच्या तेरा झाल्या. नकाशा पण पहिल्यांदाच आमदारांऐवजी नागरिकांच्या कमिशनने काढला, लोकांनीच २०१८ ला मत देऊन तसं ठरवलं होतं, आणि मला ते पटतं. पण डेट्रॉईट बाराव्यात आणि तेराव्यात विभागलं गेलं, उपनगरं जोडली गेली, ब्लॅक मतांचा जोर कमी झाला. इथे डेमोक्रॅटिक तिकीट मिळालं की निवडून आल्यातच जमा, फक्त तिकीट हायकमांड देत नाही, ऑगस्टच्या प्रायमरीत मतदार देतात. २०२२ ला तिकिटासाठी नऊ जण उभे होते. ठाणेदारांनी स्वतःचे कोट्यवधी रुपये होतील एवढे डॉलर घातले आणि साधारण २८ टक्क्यांवर जिंकले. बाकीची मतं बऱ्याचशा ब्लॅक उमेदवारांत फुटली. १९५५ पासून पहिल्यांदा डेट्रॉईटचा एकही ब्लॅक खासदार राहिला नाही.

बाबा, मतं फुटणं तुम्हाला मी काय समजावू. महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन-दोन उमेदवार एकाच ठिकाणी उभे राहून सीट गेली की तुम्ही दोन दिवस कुणाशी बोलायचा नाहीत. २०१८ ला एकही आमदार आला नाही तेव्हा तुमचा आवाज फोनवर कसा होता ते मला आठवतं. समोरच्या आजींचा आवाज मला तसाच वाटला, आणि नेमकी जिंकलेली बाजू माझ्या गावची होती.

यात ठाणेदारांनी चोरून काही घेतलं नाही हेही मी आजींना सांगते. नियमाने उभे राहिले, नियमाने जिंकले. २०२४ च्या प्रायमरीत तर निम्म्याहून जास्त मतं पडली, त्यात आजींच्या गल्लीतली पण असणार. आता २०२६ च्या ४ ऑगस्टला पुन्हा प्रायमरी आहे, डोनावन मॅकिनी म्हणून तरुण ब्लॅक आमदारांनी त्यांच्याविरुद्ध उभं राहायचं जाहीर केलंय. मी दोघांचं काम बघणार, पाण्याची बिलं, घरांचे टॅक्स, बस, यावर कोण काय करतो ते विचारणार, मग ठरवणार. बेळगावचे आहेत म्हणून मत देणार नाही आणि बेळगावचे आहेत म्हणून नाकारणारही नाही. तुम्हाला हे लागेल, मला माहितेय. पण गावचा माणूस म्हणून डोळे झाकून शिक्का मारला तर त्या आजींसमोर मी शेजारीण म्हणून कशी उभी राहू? मान ठाणेदारांना पूर्ण देईन, त्यांचं मराठी आत्मचरित्र तुम्ही पाठवलेलं आहे, जपून ठेवलंय. कुणाला मत दिलं ते मात्र विचारू नका हं बाबा, आईला पण विचारायला लावू नका.

आता ऐका. बाबांची शुगर या महिन्यात झालीच पाहिजे, जेवणाआधीची आणि नंतरची दोन्ही, रिपोर्टचा फोटो मला, दादाला नाही, तो बघत नाही. बीपीची गोळी संपायच्या आठ दिवस आधी आणायची. आई, माळ्यावर चढायचं नाही, दिवाळीचे डबे कुणालातरी काढायला सांग, स्टूल मी दादाला उचलून न्यायला सांगितलंय. गुडघ्याचे व्यायाम दोन वेळा. आणि एक नोव्हेंबरला बाबा, फेरीला जा, जाऊ नका म्हणणार नाही, पण सायकल नाही, काकांच्या गाडीत पुढे बसा आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा.

मी डिसेंबरात येतेय, ओसीआय हातात आलं की तिकीट काढते. आजींनी आईसाठी पीच पायची रेसिपी लिहून दिलीय, पण तिकडे पीच मिळतील का बघून ठेव, नाहीतर आंब्याचा करू. बाबांना दही-भात देताना मीठ कमी घाल.

तुमची,
चिमी