सूचना : या बुधवारी लूक १२ आणि दहा मिनिटं शांतता

सर्व बंधुभगिनींना जय ख्रिस्त.

या बुधवारी संध्याकाळी ७ वाजता शरणपूरला नेहमीच्या घरीच जमायचं आहे. वाचन बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातलं, अध्याय १२, वचनं ६ व ७. घरून वाचून या, आणि जमलं तर मत्तय १०:२९ शेजारी ठेवा. मत्तयात एका दमडीला दोन चिमण्या आहेत, लूकमध्ये दोन दमड्यांना पाच. म्हणजे पाचवी वरची, फुकटची. भाजी घेतल्यावर पिशवीत कोथिंबिरीच्या चार काड्या टाकतात ना, तशी. तिचाही देवाला विसर पडत नाही, असं प्रभू सांगतो.

मी हे गेल्या आठवड्यात पहाटे वाचलं, दूध तापत ठेवून. नोकरी सुटल्यापासून मी स्वतःला ती पाचवीच समजत होतो. गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून तसाच उभा राहिलो. कित्येक महिन्यांनी डोक्यातला गलका थांबला होता.

म्हणून या वेळी गाणी दोनच. वाचनानंतर दहा मिनिटं कुणीही बोलायचं नाही, मोठ्याने प्रार्थनाही नाही. पहिली तीन-चार मिनिटं अवघड जातील, तरी बसून राहा. मोबाइल बंद करून दाराजवळच्या टोपलीत ठेवा. लेकरांना जरूर आणा, त्यांच्या आवाजाची काहीच अडचण नाही.

सातपूर-अंबडला ज्यांची दुसरी पाळी आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत तेवढी दोन वचनं वाचावीत. आजींना जिना चढायला हात लागतो. पावणेसातला कोण येऊ शकेल ते कळवा.