पुस्तकांच्या खोक्यासोबत पाठवलेलं पत्र

पुणे,
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मामांचा धाकटा परवा गावी येतो आहे, त्याच्यासोबत पुस्तकांचं एक खोकं पाठवते आहे. बाबा, खोकं जड आहे, ते तुम्ही उचलायचं नाही. डोळ्याच्या ऑपरेशननंतर वजन उचलायचं नाही आणि खाली वाकायचं नाही, हे डॉक्टरांनी आईसमोर सांगितलंय. सालदाराला सांगून ओसरीवर ठेवून घ्या आणि आईला फोडू द्या.

आधी जे सांगायचं ते सांगून टाकते. अमरावतीच्या बदलीला मी नाही म्हणून कळवलं. फोनवर सांगणार होते, पण आई फोनवर "बरं" म्हणते आणि त्या "बरं"पुढे माझ्या तोंडून शब्द निघत नाही. म्हणून लिहिते आहे. चिऊचं दहावीचं वर्ष आहे. आत्ता शाळा बदलली, तर नवीन मास्तरांची ओळख होईपर्यंत परीक्षा दारात येईल. यांची नोकरी चाकणला, ती सोडून तिकडे कोण देणार? सासूबाईंना जिना उतरवायला दोन माणसं लागतात, त्यांना घेऊन घर हलवणं सोपं नाही. आणि अमरावती म्हणजे अमरावतीच असेल असंही नाही, बँक कुठल्याही तालुक्याला टाकू शकते, मग दर्यापूरला येणं तेवढंच लांब पडलं असतं. सगळी कारणं खरी आहेत. बाबा, तुम्ही ती ऐकून मान हलवाल हे मला ठाऊक आहे. आई, तू मात्र मनात म्हणशील, "पोरगी जवळ आली असती." मलाही तेच वाटत होतं, गं. चिऊची परीक्षा झाली की मी पुन्हा अर्ज करणार आहे, आणि तोपर्यंत दिवाळी, संक्रांत, अखाजी, एकही सण चुकवणार नाही.

या सगळ्यात मला एक गोष्ट फार टोचली. आपलं फोनवरचं बोलणं किती आकसलंय! गोळी घेतली का, जेवली काय, पाऊस आला का, कापसाला काय भाव. दोन मिनिटांत सगळं संपतं आणि मग तिघंही गप्प. ज्या घरात बाबा जेवताना ताट बाजूला सारून पुस्तकातला प्रसंग सांगायचे, आणि आई "आधी जेवा, मंग सांगा" म्हणायची आणि तरी स्वतःच विचारायची, "मंग काय झालं?", त्या घरातलं बोलणं गोळ्यांवर येऊन थांबावं हे मला सहन होत नाही. म्हणून ठरवलं की आपण तिघांनी एका वेळी एकच पुस्तक वाचायचं. मी इकडे, तुम्ही तिकडे. आणि फोनवर त्याच्याबद्दल बोलायचं. गोळ्यांचं विचारणारच आहे मी, पण शेवटी.

सध्या मी मारुती चितमपल्लींचं आत्मचरित्र 'चकवाचांदण' वाचते आहे. बाबा, तुम्हाला हे आधीच द्यायला हवं होतं. सोलापूरचा मुलगा, कोइमतूरला जाऊन वनखात्याचं शिकतो आणि नोकरीचा मोठा काळ आपल्या विदर्भाच्या जंगलात काढतो. नवेगावबांध, नागझिरा आणि तुम्ही मास्तर होतात तो तुमचा मेळघाटही! नवेगावचे माधवराव पाटील त्यांना पाखरं आणि जंगल दाखवत होते, ते वाचताना मला तुम्ही आणि तुमचे ते कोरकू पाटील आठवले, ज्यांचं नाव तुम्ही अजून देवासारखं घेता. नोकरीत असतानाच हा माणूस संस्कृत शिकला, कारण जुन्या ग्रंथांत पाखरांबद्दल काय लिहिलंय ते मुळातून वाचायचं होतं. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. ती बातमी तुम्हीच मला फोनवर सांगितली होती आणि मी घाईत "हो का" म्हणून फोन ठेवला होता. आता पानोपानी वाटतं, हे बाबांना विचारायला हवं. तिकडे मेळघाटात, धारणीच्या खोलीत असताना तुम्ही रात्री बाहेर बसून जे आवाज ऐकायचात, ते कुणाचे होते? घुबड म्हणायचात ते खरंच घुबडच होतं का? लिहून ठेवा, विसराल.

पण 'चकवाचांदण' खोक्यात नाही. जाडजूड आहे, तुम्ही ते छातीवर ठेवून आडवे वाचाल आणि मान धराल. खोक्यात त्यांचं 'रानवाटा' आहे. लहान लहान लेख आहेत, रोज एक झाला तरी पुष्कळ. आणि तुम्ही अजून वाचायचं नाहीच! चष्म्याचा नंबर पक्का व्हायला महिना-सव्वा महिना जाऊ द्या. तोवर आई वाचेल आणि तुम्ही ऐकाल.

आई, आता "मले कायचं वाचता येते, तुह्या बाबाले वाचू दे" असं म्हणू नको. तू सातवी पास आहेस आणि ग्रामगीतेच्या ओव्या तू न अडखळता म्हणतेस. अडलं तर बोट ठेवून वाच, माझ्या पहिलीच्या पुस्तकावर ठेवायचीस तसं. मला आठवतं, वीज गेली की कंदील मधे ठेवायचा, तू तूर निवडायचीस आणि बाबा वाचायचे. मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायची आणि अर्ध्यातच झोपायची. सकाळी उठून विचारायची की त्या माणसाचं पुढं काय झालं, आणि तू चुलीपुढे भाकर थापता थापता मला सगळं सांगायचीस. आता कळतं की तू बाबांपेक्षाही चांगलं सांगायचीस. बाबा पुस्तकातलं वाक्य सांगायचे, तू त्या माणसाला काय वाटलं असेल ते सांगायचीस. म्हणून आता तू वाचायचं.

तुझ्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आहे. 'रानवाटा' झालं की हे घे. लग्नानंतर नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकलेली बाई, आणि लिहिते कशी, तर तू बोलतेस तशी, एकातून दुसरं काढत. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं इतकं वेड की बाहेरून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. ते वाचून तू पदराला तोंड पुसत हसशील, कारण आपल्या मोठ्या आजीचंही तसंच होतं. नवरा, म्हणजे कवी ना. वा. टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई लेकराला घेऊन कितीतरी दिवस वेगळ्या राहिल्या, तो भाग जड आहे. पण रडून झाल्यावर त्या लगेच काहीतरी असं सांगतात की माणूस पुन्हा हसतो. नागपूरही आहे त्यात. बाबांनी टिळकांची बाजू घेतली तर तू लक्ष्मीबाईंची घे आणि मला फोन कर, मी तुझ्याच बाजूनं आहे.

उद्धव शेळक्यांचं 'धग'ही ठेवलं आहे, पण खाली, सगळ्यांत शेवटी. 1960 सालचं पुस्तक आहे. त्यातली माणसं आपल्यासारखी वऱ्हाडी बोलतात, तीच "काहून" आणि तेच "मले". कॉलेजात ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपली आजी पुस्तकात असू शकते. कौतिक नावाची बाई आहे. नवरा महादेव, शिंपी, त्याच्यानं काही निभत नाही आणि पुढं त्याला महारोग होतो, आणि सगळा संसार ती एकटी ओढते. आई, हे पुस्तक रात्री वाचायचं नाही. दिवसा, शेजारच्या काकू बसलेल्या असताना, थोडं थोडं वाच. तुला कौतिक ओळखीची वाटेल. वाटली की मला सांग, तिच्यातलं काय तुझं होतं ते. तू कधी सांगितलं नाहीस आणि आम्ही कधी विचारलं नाही. आता मला ऐकायचं आहे. पण नको वाटलं तर राहू दे.

बाबा, तुम्ही खोकं उघडून 'बारोमास' शोधाल. सदानंद देशमुखांचं, आपल्या बुलढाण्याचे, 2004 साली त्याला साहित्य अकादमी मिळालं. मी मुद्दामच ठेवलं नाही. मी ते वाचलं आहे आणि फार खरं आहे. म्हणूनच. धाकट्या काकांचं झाल्यापासून आई नापिकी आणि कर्जाची बातमी लागली की टीव्ही बंद करते, ते मला माहीत आहे. तुम्हाला हवंच असेल तर दिवाळीत आणीन आणि आपण दोघंच वाचू, मळ्यात.

'बनगरवाडी' तर घरी आहेच, कव्हर नसलेलं. तुम्ही ते कितीदा वाचलंय देव जाणे. कोवळा मास्तर, धनगरांचं गाव, एक शिक्षकी शाळा. आता ते चिऊला हवं आहे. तिला मराठी वाचायचा कंटाळा आहे, हे तुम्हाला आवडणार नाही, म्हणून मी कधी बोलले नव्हते. पण तिला मी एवढंच सांगितलं की आजोबाही असेच एका गावात गेले होते, पोरं शाळेतून पळून जायची आणि आजोबा त्यांच्या मागे रानात जायचे. तर लगेच म्हणाली, "मग पुढे?" तिनं कबूल केलंय की रोज अभ्यास झाला की दोन पानं मोठ्यानं वाचून व्हॉट्सॲपवर आवाज पाठवीन. उच्चार चुकले तर लगेच टोकू नका, बाबा. आधी "छान वाचलंस" म्हणा, मग सांगा. आणि तिच्या वाचण्यात नसलेलं, धारणीचं, तुम्ही तिला सांगा. तेवढ्यासाठी तरी ती पुढचं पान उलटेल.

हे सुचवण्याचं मी तुमच्याकडूनच शिकले. "पुस्तक चांगलं आहे" एवढं सांगून कुणी वाचत नाही, त्यातलं एक माणूस सांगावं लागतं, हे तुम्हीच म्हणायचात. सुट्टीत ग्रंथपालनाचा वर्ग करून आलात तेव्हा रंगनाथनांचे नियम आम्हाला पाठ करायला लावले होते. 1931 साली त्यांनी पाच नियम मांडले, त्यातला "प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक" हा तुमचा आवडता. गावच्या वाचनालयात तुम्ही तेच केलंत. पारावर पत्ते खेळणाऱ्या पोरांना शिकारीचं दिलंत, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना गाडगेबाबांचं चरित्र. ते वाचनालय बंद पडल्यापासून तुम्ही त्या रस्त्यानं जातही नाही, असं आई सांगते. म्हणून खोक्यात बचत गटासाठी काही पुस्तकं वेगळी बांधली आहेत. आई, ती तुझ्या ताब्यात. बहिणाबाईंच्या कविता पहिल्यांदा वाचायला दे, त्या ऐकायलाही चालतात. निंदणाला जाणाऱ्या बायांना रात्री वाचवणार नाही, पण वेचणीत जेवायच्या सुट्टीत एकीनं एक कविता म्हटली तर सगळ्यांची होईल. बहिणाबाईंना स्वतःला लिहिता येत नव्हतं. त्या गेल्या 1951 साली आणि कविता छापून आल्या त्याच्या पुढच्या वर्षी, हे त्यांना नक्की सांग. पुस्तक देताना वहीत नाव लिहून घे. खाकी कव्हरं मी घातली आहेत, तरी हळदीच्या हाताचं बोट लागलं तर कुणाला बोलू नकोस.

आता ऐका. थेंबांची वेळ चुकवायची नाही, बाटलीवर मी चिकटपट्टी लावून वेळ लिहिली आहे. कापूस भरलेल्या खोलीत बाबांनी पाय ठेवायचा नाही, तंतू आणि धूळ डोळ्यात जाते. भाव येईपर्यंत कापूस घरात ठेवायचा असेल तर ठेवा, पण सांभाळायचं काम सालदाराचं. आई, चुलीवर भाकरी करायची हौस असेल तर मागच्या दारी कर, धूर ओसरीत येऊ देऊ नको. पाणी कॅनचंच प्या दोघांनी, आपल्या विहिरीचं खारं पाणी "सवयीचं आहे" म्हणून पिऊ नका. रात्री वाचायला टेबल लॅम्प पाठवला आहे, तो इन्व्हर्टरला जोडून घ्या. पिवळा बल्ब काढा म्हणून दोनदा सांगून झालं. आईच्या गुडघ्याचं तेल खोक्यातच एका कोपऱ्यात आहे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलंय, पुस्तकांना लागायला नको.

आणि बाबा, तुम्हीही मला काही सुचवा. नोकरीला लागल्यापासून तुम्ही मला पुस्तक सांगणं थांबवलंत, "हिला वेळ कुठं" म्हणून. मला वेळ आहे. बँकेत जाताना पाऊण तास बसमध्ये असते. तुमच्या कपाटातलं एक पुस्तक, तुम्ही खुणा केलेलं, मामाच्या मुलासोबत परत पाठवा. नवीन विकत घेऊ नका, मला तुमच्या पेन्सिलीच्या रेघा हव्यात.

'रानवाटा' आधी. खोकं पोचल्याच्या रात्री पहिला लेख वाचा, मी त्याच रात्री इथं वाचीन आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला फोन करीन, मालिका संपल्यावर. आई, फोन तू उचल, कारण वाचलेलं तूच असशील. बाबांचं मत त्यानंतर घेऊ.

तुमची,
बेबी

ता. क. सासूबाईंनी करंज्यांचा डबा दिला आहे, तो खोक्यात नाही, वेगळ्या पिशवीत आहे. बाबांना साखर तपासल्यावर एकच द्यायची.