नासर यांचा हिशेब १९६७वर संपत नाही

संपादक महोदय,

इजिप्तचे माजी अध्यक्ष गमाल अब्देल नासर यांच्यावरील आपला लेख वाचला. त्यांची सारी कारकीर्द जून १९६७मध्ये इस्रायलकडून झालेल्या पराभवात बुडवणे मला पटत नाही. राजाला हटवणाऱ्या १९५२च्या लष्करी उठावानंतर काही आठवड्यांतच जमीनधारणेवर २०० फेद्दानची (एक फेद्दान म्हणजे साधारण एक एकर) मर्यादा आली. शेतमजुराच्या मुलाला विद्यापीठाची दारे फुकट उघडली. ज्या सुएझ कालव्याच्या खोदाईत हजारो इजिप्शियन मजूर मेले, तो २६ जुलै १९५६ रोजी इजिप्तचा झाला आणि ब्रिटन, फ्रान्स, इस्रायल चालून आले तरी इजिप्तचाच राहिला. ही मिळकत लहान नाही.

लेखातील ‘धर्मनिरपेक्ष’ हे विशेषण मात्र तपासून घ्यायला हवे. नासर यांनी धर्म राज्यकारभारापासून वेगळा केलाच नाही. १९६१च्या कायद्याने अल-अझहर हे कैरोचे जुने इस्लामी विद्यापीठ सरकारच्या मुठीत आणले. मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामवादी संघटनेचे लोक आणि कम्युनिस्ट, दोघेही त्यांच्या तुरुंगांत सडले. १९६६मध्ये ब्रदरहूडचे विचारवंत सय्यद कुत्ब फासावर गेले आणि जहाल गटांना हुतात्मा मिळाला.

माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान १९६०मध्ये झाले, वृत्तपत्रे सरकारी मालकीची झाली तेव्हा. येमेनच्या यादवी युद्धात रुतलेल्या इजिप्तच्या फौजेची दशा लोकांपर्यंत नीट पोहोचलीच नाही. ५ जून १९६७च्या सकाळी हवाई दल जमिनीवरच उद्ध्वस्त झाले, तरी कैरो रेडिओ शत्रूची विमाने पाडल्याच्या बातम्या देत होता आणि लोक रस्त्यावर जल्लोष करत होते.

– एक वाचक, सांगली