रविवारची पेठफेरी

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ६.३० ला कोल्हापूरच्या बिंदू चौकात जमायचं आहे. जुन्या कोटाची तटबंदी आणि बुरूज तिथं अजून उभे आहेत, सुरुवात तिथूनच.

मग भवानी मंडप. नगारखान्याचं दगडी काम नीट बघा. रोज तिथनं जातो, पण मान वर कोण करतंय? शेवट खासबागेत. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेलं कुस्ती मैदान आणि शेजारचं १९१५ चं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ च्या आगीत ते जळालं, ते बाहेरूनच बघायचं.

• वाटेतल्या वाड्यांत माणसं राहतात. विचारल्याशिवाय आत शिरू नका, फोटो नकोत.
• नावं शनिवारी रात्रीपर्यंत कळवा.
• नंतर मिसळ, ज्याची त्यानं!