कंपनी दवाखाना : गुरुवारची तपासणी, सगळ्यांनी वाचा

नमस्कार मंडळी, येत्या गुरुवारी सकाळी १० वाजता आपल्या दवाखान्याची इंटर्नल तपासणी आहे, तिन्ही शिफ्टच्या सिस्टर, कंपाउंडर आणि फर्स्ट एडवाले सगळ्यांनी पावणेदहालाच यायचंय, नाइटवाल्यांनी पण थांबा प्लीज.

सगळ्यात आधी सुयांचं. काल बघितलं तर सुयांचा पांढरा डबा गळ्यापर्यंत भरलेला आणि एक सुई झाकणातून बाहेर आलेली. सफाईवाल्या मावशी तोच डबा हाताने उचलतात हो! पाऊण भरला की बंद करायचा, नवा काढायचा. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही म्हणजे नाहीच. आणि टोचलीच तर बोट दाबत किंवा चोखत बसू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, लगेच डॉक्टरांना सांगा, कारण एचआयव्ही टाळायची औषधं लागलीच तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि जितकी लवकर तितकं बरं, शिफ्ट संपायची वाट बघू नका. कोणी रागावणार नाही.

बाकीचं:
- फ्रिज २ ते ८ डिग्री. सकाळ-संध्याकाळ खरंच बघून लिहा, रजिस्टरमधे आठवडाभर एकाच पेनने ४, ४, ४ लिहिलंय, मला ते पटलेलं नाही. टीटी (धनुर्वाताची लस), इन्सुलिन गोठलं की वाया गेलं.
- दवाखान्यातल्या कचऱ्याची पिवळी-लाल पिशवी ४८ तासांच्या वर ठेवायची नाही.
- एक्सपायरी झालेली औषधं बुधवारपर्यंत वेगळी काढा.
- ऑक्सिजनची चावी सिलिंडरलाच बांधलेली पाहिजे.

कोणाला जमणार नसेल तर बुधवारी दुपारपर्यंत इथेच कळवा.